आठवणींची वही : लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यातून शिकण्यासारखं

(हा पाठ गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. शेवटी प्रश्न दिले आहेत. त्यावर सगळ्यांनी बोलावं. वाचायला वीस मिनिटं, बोलायला हवा तेवढा वेळ.)



२४ फेब्रुवारी ही तारीख आपल्याला पाठ आहे. १९७५ साली याच दिवशी महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, स्थापन झालं. दरवर्षी त्या दिवशी आपण कार्यक्रम घेतो, रांगोळी काढतो, गटांचा सत्कार करतो. याच तारखेला, पण १९३६ साली, आपल्या नाशिकमध्ये एक बाई वारल्या. त्यांचं नाव लक्ष्मीबाई टिळक. शाळेचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. तरी त्यांनी लिहिलेलं पुस्तक आज नव्वद वर्षं झाली तरी लोक वाचतात. या वेळच्या पाठात त्यांचं आयुष्य समजून घेऊ आणि त्यावरून आपल्या गटात एक काम सुरू करू.

सोवळ्याचं घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. गाव जलालपूर, नाशिकजवळ गोदावरीच्या काठचं. आपल्यातल्या कितीतरी जणी गंगापूर रोडने जाता-येता त्या बाजूने गेल्या असतील. माहेरचं आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घरात सगळे मनू म्हणायचे.

१८५७ च्या धामधुमीत तिच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिलं होतं. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचं वेडच लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. याला शिवायचं नाही, त्याची सावली नको. या वेडाचा सगळा भार पडायचा घरातल्या बायकांवर. पाणी आणणाऱ्या त्या, धुणाऱ्या त्या, आणि बोलणी खाणाऱ्याही त्याच.

अकराव्या वर्षी मनूचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक. सासरी नाव बदललं, लक्ष्मी झालं. नवरा हुशार, संस्कृत शिकलेला, कविता करणारा, पण एका जागी न टिकणारा. राग आला की घर सोडून निघून जायचा, कुठे गेला ते सांगायचा नाही. हातात पैसे आले तर रस्त्यात भेटलेल्या गरजूला देऊन रिकाम्या हाताने घरी यायचा. चूल पेटवायची चिंता बायकोला. पण याच नवऱ्याने तिला लिहाय-वाचायला शिकवलं, हेही खरं. लक्ष्मीबाईंनी पुढे दोन्ही गोष्टी लिहिल्या. राग लपवला नाही आणि प्रेमही लपवलं नाही.

नवरा एका वाटेने, बायको एका वाटेने

१० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या. पदरात तीन-चार वर्षांचा मुलगा दत्तू. त्या काळी ब्राह्मण घरातला माणूस धर्म बदलतो म्हणजे घरच्यांच्या लेखी मेल्यासारखाच. नवरा जिवंत असून बायकोची अवस्था ना सवाशीण ना विधवा अशी झाली.

इथे थांबून विचार करा. नवऱ्याने सांगितलं आणि बायको मागोमाग गेली, असं झालं नाही. आणि माहेरच्यांनी अडवलं म्हणून ती कायमची मागे राहिली, असंही झालं नाही. बहीण आणि मेहुण्यांच्या आधाराने त्यांनी मुलाला वाढवलं. काही काळ पंढरपूरला काढला. रडल्या, आजारी पडल्या, नवऱ्यावर चिडल्या. साडेचार-पाच वर्षं अशी गेली. मग त्या स्वतःच्या पायांनी नगरला नवऱ्याकडे गेल्या, तेही आपला धर्म आणि आपलं सोवळं सांभाळून. ख्रिस्ती वस्तीत राहून आपलं अन्न वेगळं शिजवायचं, आपलं पाणी वेगळं ठेवायचं, हे त्यांनी काही दिवस केलंसुद्धा.

पुढे त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. माणसामाणसांत हा भेद देवाने केला की माणसांनी? माणसांनीच केला, असं त्यांना पटलं, आणि मग त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. ज्या मुलीच्या घरात बाजारातली वस्तू धुवून घेत, तिने हे केलं. नंतर १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

कुणी कुठला धर्म मानावा, हा या पाठाचा विषय नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं. आपण एवढंच बघायचं, की हा निर्णय एका बाईने स्वतःच्या डोक्याने घेतला. त्यासाठी तिने पाच वर्षं लावली आणि कुणाच्या घाईला ती बळी पडली नाही. आणि एक प्रश्न आपल्या गटालाही विचारायचा. बैठकीत आपण सगळ्या जणी एका सतरंजीवर बसतो. पण चहा-पाण्याच्या वेळी सगळ्यांचे कप एकाच ताटात असतात का?

पाळकाची बायको म्हणजे काय काम?

टिळक नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, ते रेव्हरंड टिळक झाले. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळींचा धर्मगुरू. उपासना चालवायची, लोकांच्या सुखदुःखात जायचं, उपदेश करायचा. टिळकांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये म्हणतात. ‘ज्ञानोदय’ या पत्राचंही काम त्यांनी पाहिलं. अभंगाच्या चालीत देवाचं गाणं लिहिणारा हा कवी महाराष्ट्रभर नावाजला गेला.

आता घराच्या आतून बघा. रेव्हरंड टिळकांच्या घरी माणसांची रीघ असायची. कुणी शिकायला आलेलं, कुणी आजारी, कुणी पोरकं मूल, कुणी रागावून घर सोडून आलेला. बालकवी ठोंबरे हा आपल्या खानदेशाकडचा थोर कवी तरुणपणी नगरला याच घरात राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं. एवढ्या सगळ्यांचं जेवण, अंथरूण, औषधपाणी, रुसवेफुगवे कोण बघत होतं? पाळकाची बायको. त्या कामाचा पगार नव्हता. त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात नव्हती. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा घरात येणारा बांधलेला पैसाही थांबला. तरी माणसं यायची थांबली नाहीत आणि चूलही थांबली नाही.

आपल्याकडे वेगळं काय आहे? सरपंचाची बायको असो, महाराजांची असो, शाळेतल्या गुरुजींची असो, नाहीतर संघटनेत फिरणाऱ्या कार्यकर्त्याची असो. आलेल्या माणसाला चहा करणारी तीच, रात्री अकराला भाकरी टाकणारीही तीच. सत्काराच्या वेळी नारळ-शाल साहेबांना. फार तर शेवटी एक वाक्य येतं, ‘यांच्या यशात वहिनींचाही मोठा वाटा आहे.’ तो वाटा किती आणि कसा, ते कुणी सांगत नाही. लक्ष्मीबाईंनी ते सांगितलं. म्हणून त्या वेगळ्या.

पन्नाशीनंतर

९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाईंना तेव्हा पन्नास वर्षं पुरी झाली होती. आपल्याकडे नवरा गेला की बाईने कोपऱ्यात बसायचं, जपमाळ ओढायची, नातवंडं सांभाळायची, अशी रीत. लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी धरली. पुढे मुलासोबत थेट कराचीला गेल्या. तिथून परत येऊन नाशिकला राहिल्या.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचं एक मोठं काव्य लिहायला घेतलं होतं. येशूचं चरित्र ओव्यांमधून सांगायचं होतं. थोडे अध्याय झाले आणि ते गेले. उरलेलं कोण लिहिणार? लक्ष्मीबाईंनी लिहिलं. एक-दोन नाही, ६४ अध्याय. ज्या बाईला जोडाक्षरं अडायची, तिने नवऱ्याचं अपुरं राहिलेलं काम पुढे नेलं. १९३३ साली नाशिकला कविसंमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदाच्या खुर्चीवर लक्ष्मीबाई होत्या. जलालपूरची मनू आपल्याच जिल्ह्याच्या गावी कवींची अध्यक्ष झाली. वय पासष्ट.

आठवणी कशा लिहिल्या गेल्या

मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, वडिलांचं चरित्र लिहायच्या विचारात होता. त्याने आईला सांगितलं, तुला बाबांच्या आठवतील त्या गोष्टी लिहून दे. आई लिहायला बसली. पण नवऱ्याची गोष्ट सांगता सांगता स्वतःची गोष्ट आल्याशिवाय राहील कशी? सोवळ्याने पिडलेली आई आली, चुलीवरचं रिकामं भांडं आलं, पंढरपूरचे दिवस आले, हसण्याच्या गोष्टी आल्या. त्या आधी साप्ताहिकात छापून आल्या आणि १९३४ पासून एकेक भाग करून पुस्तक निघालं. नाव ‘स्मृतिचित्रे’. चार भाग झाले. चौथा भाग लक्ष्मीबाई गेल्यावर निघाला.

लोकांना ते का आवडलं? कारण बाई जशी बोलते तशी लिहिते. पुस्तकी शब्द नाहीत, मोठेपणा नाही. स्वतःची फजिती झाली तीही हसत हसत सांगते. नवऱ्याला देव करत नाही, राक्षसही करत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, शेजारची आजी ओट्यावर बसून सांगते आहे. या पुस्तकाची इंग्रजीत भाषांतरं झाली. शांता गोखले यांनी केलेलं भाषांतर २०१७ साली आलं. विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपटही केला. त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या होत्या.

आज रेव्हरंड टिळक माणूस म्हणून कसे होते, घरात कसे वागायचे, बालकवी लहान मुलासारखे कसे रुसायचे, हे आपल्याला माहीत आहे ते या बाईमुळे. तिने लिहिलं नसतं तर टिळकांच्या कविता राहिल्या असत्या, पण त्या घरात पाणी कुणी भरलं ते कळलं नसतं.

आम्हाला तर लिहिता येत नाही

ही अडचण कुणीतरी सांगणारच. म्हणून आणखी दोघींची आठवण करून देते.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. १८८० सालचा जन्म. अक्षर ओळख नाही. शेतात, जात्यावर, चुलीपुढे ओव्या सुचायच्या. त्या घरच्या माणसांनी ऐकून उतरवून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी, १९५२ ला, मुलगा सोपानदेव यांनी त्यांच्या गाण्यांचं पुस्तक छापलं. आज शाळेत जाणारं प्रत्येक पोर बहिणाबाईंना ओळखतं. त्यांनी स्वतः एक अक्षर लिहिलं नाही. उतरवून घेणारं घरात कुणीतरी होतं, एवढंच.

दुसऱ्या फलटणच्या बेबीताई कांबळे. दुकानात बसल्या बसल्या, घरच्यांच्या नजरेआड, त्या आपल्या महार समाजातल्या बायकांचं जिणं लिहीत राहिल्या. ते लिखाण कित्येक वर्षं लपवून ठेवलं होतं. पुढे ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. त्यात भूक आहे, मार आहे, आणि बाबासाहेबांच्या चळवळीने आलेलं बळही आहे.

एकीने उतारवयात लिहिलं, एकीचं दुसऱ्याने उतरवून घेतलं, एकीने लपवून लिहिलं. आपल्याला यातला जो मार्ग जमेल तो घ्यायचा.

हे काम आत्ताच का?

बचत गटांना बँकेशी जोडायचं काम नाबार्डने १९९२ साली सुरू केलं. त्या दशकात ज्या जणींनी आपल्या भागात पहिले गट बांधले, त्या तेव्हा तीस-चाळीस वर्षांच्या होत्या. आज साठी-सत्तरीच्या आहेत. काही जणी गेल्यासुद्धा. आपल्या गटाच्या कपाटात काय आहे ते उघडून बघा. बचतीची नोंदवही आहे, कर्जाची खतावणी आहे, ठरावाचं रजिस्टर आहे. कुणी किती भरले, कुणाचा हप्ता थकला, सगळं आहे. पण ते पहिले वीस रुपये तिने कुठून आणले? मजुरीतून काढले, की अंडी विकून, की डब्यात लपवलेले? बैठकीला जाते म्हणून घरात काय ऐकून घेतलं? पहिल्यांदा बँकेच्या पायरीवर चढताना पाय लटपटले होते का? हे कुठल्याच रजिस्टरात नाही. ते फक्त त्या बाईच्या डोक्यात आहे. ती गेली की तेही जाणार.

आठवणींची वही कशी करायची

१. कुणाची? गटातली सर्वात वयस्क सभासद आधी. तिची तब्येत बरी आहे तोवर.

२. कोण लिहील? एक विचारणारी, एक लिहिणारी. शाळा-कॉलेजात जाणारी मुलगी, सून, नात चालेल. मोबाइलवर आवाज भरून घ्यायचा असेल तर आधी आजीची परवानगी घ्या आणि नंतर वहीत उतरवा. मोबाइल हरवतो, वही राहते.

३. कधी? बैठकीत नको. तिथे ती पाहुण्यांसारखं बोलेल. तिच्या घरी जा. ती शेंगा फोडत असेल, तांदूळ निवडत असेल, तेव्हा बसा. हात कामात असले की बोलणं मोकळं होतं. एका दिवसात उरकू नका. तीन-चार बैठका लागतील.

४. काय विचारायचं? ‘तुमचं आयुष्य कसं होतं?’ असं विचारलं तर ती म्हणेल, ‘गेलं बाई, बरं होतं.’ म्हणून बारीक विचारा. लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून आणायचात? पहिलं लुगडं स्वतःच्या पैशाने कधी घेतलं? बाळंतपण कुठे झालं, कोण होतं जवळ? गटात यायला कुणी अडवलं, आणि कुणी साथ दिली? कशावर पोट दुखेस्तोवर हसलात? हसण्याची गोष्ट नक्की विचारा. नुसतं रडणं लिहिलं की बाई अर्धीच राहते.

५. साल कसं ठरवायचं? तारीख आठवत नसेल तर खुणा धरा. बहात्तरचा दुष्काळ, तेव्हाची लाल मिलो आणि सुकडी आठवते का? त्या वेळी मूल किती मोठं होतं? नाशिकचा सिंहस्थ १९८०, १९९१, २००३, २०१५ ला झाला. लग्न कुठल्या सिंहस्थाच्या आगेमागे झालं? गावात पहिली बाई सरपंच झाली तेव्हा काय चाललं होतं? एवढ्यावरून साल बरोबर लागतं.

६. भाषा कोणती? तिची. ती अहिराणी बोलत असेल तर अहिराणी, कोकणी बोलत असेल तर कोकणी. पेठ-सुरगाण्याची बाई आणि बागलाणची बाई एकसारखी कशी बोलेल? शुद्ध करायच्या नादात तिचा शब्द मारू नका. लक्ष्मीबाईंचं पुस्तक टिकलं ते बोलीमुळे.

७. कुणाला त्रास होऊ नये. आठवणीत भांडणं येणार, मार येणार, सासू-दीर येणार. खरं लिहायचं, पण नावं टाकायची की नाही ते आजीला विचारायचं. ‘हे घरातच राहू दे’ असं ती म्हणाली तर ते पान वहीत नको. गोष्ट तिची आहे, मर्जीही तिचीच.

८. वाचून दाखवा. लिहून झालं की तिच्यापुढे सगळं वाचा. चुकलं असेल तर ती सांगेल. मग तिची सही घ्या, सही येत नसेल तर अंगठा. आजवर तिने अंगठा कर्जाच्या कागदावर दिला. हा अंगठा तिच्या स्वतःच्या गोष्टीखाली असेल.

९. जपून ठेवा. एक प्रत तिच्या घरी, एक गटाच्या कपाटात. सहयोगिनी ताईंना दाखवा. संघाच्या वार्षिक सभेत, आजीची परवानगी असेल तर, एक-दोन पानं वाचून दाखवता येतील.

खर्च किती? शंभर पानी एक वही आणि एक पेन.

बैठकीत बोलायचे प्रश्न

• लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे परत जायला इतकी वर्षं लावली. तुमच्या मते ते बरोबर होतं का? घरातला मोठा निर्णय घेताना आपल्याला विचार करायला वेळ मिळतो का, की हो म्हणून टाकावं लागतं?

• आपल्या गावात कुणाची तरी बायको म्हणूनच ओळखली जाणारी, पण स्वतः खूप राबलेली बाई कोण आहे? तिचं स्वतःचं नाव किती जणींना माहीत आहे?

• आपल्या गटात चहा, पाणी, जेवण यात कुणाला वेगळं धरलं जातं का? खरं खरं सांगा.

• पन्नाशीनंतर एखादं नवीन काम शिकलेली बाई आपल्यात आहे का? तिने ते कसं जमवलं?

• आपल्या गटात पहिली वही कुणाची करायची? लिहिणार कोण?

पुढच्या बैठकीपर्यंतचं काम : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठरावाच्या रजिस्टरात लिहून घ्या. आजीचं नाव लिहाल तेव्हा ‘अमक्याची आई’ किंवा ‘तमक्याची बायको’ असं लिहू नका. तिचं स्वतःचं नाव विचारा. लग्नाआधीचं वेगळं असेल तर तेही कंसात लिहा. वहीचं पहिलं पान तिथूनच सुरू होईल.